डिस्प्लेवर व्होल्टेज बरोबर, तरी सर्किट वारंवार रीसेट: दोष कुठे शोधावा आणि कमी खर्चाचा बेंच पॉवर सप्लाय कसा निवडावा

बेंच पॉवर सप्लायच्या (टेबलावर ठेवून सर्किटला हवे ते व्होल्टेज देणाऱ्या पेटीच्या) डिस्प्लेवर ५.०० व्होल्ट स्थिर दिसत असतात, सर्किट काही वेळ नीट चालते, आणि मोटर सुरू झाली, रिले ओढला गेला किंवा रेडिओ मॉड्यूलने संदेश पाठवायला घेतला की मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून चालवू लागतो. ईएसपी-३२ हा वायफायचा मायक्रोकंट्रोलर असेल तर संगणकावरच्या सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्याचा, संदेश उमटतो. इतर अनेक चिप काहीच न सांगता रीसेट होतात. तेच सर्किट चांगल्या बॅटरीवर मात्र तासन्‌तास चालते. अशा वेळी संशय आधी प्रोग्रॅमवर जातो आणि नंतर "सप्लायच स्वस्तातला आहे" या निष्कर्षावर येऊन थांबतो. माझे मत असे आहे की नवीन सप्लाय घेण्याआधी पुढील तपासणी क्रमाने करावी, कारण बहुतेक वेळा दोष सप्लायच्या पेटीबाहेर सापडतो. आणि खरोखरच नवीन सप्लाय घ्यावा लागला, तर काय पाहून घ्यावा हेही याच तपासणीतून कळते.

मुळात लक्षात घ्यायचे ते असे, की डिस्प्ले सप्लायच्या आतले व्होल्टेज मोजतो आणि सेकंदातून दोन-तीन वेळा त्याची सरासरी दाखवतो. सर्किटपाशी किती व्होल्टेज पोहोचले आणि ते एखाद्या मिलिसेकंदापुरते किती खाली गेले, हे दोन्ही त्याला कळत नाही. रीसेट होण्याची कारणे नेमकी याच दोन ठिकाणी दडलेली असतात.

आधी वायर

सर्किट चालू ठेवून, म्हणजे लोड असतानाच, मल्टीमीटरचे प्रोब सर्किटच्या पॉवर बिंदूंवर ठेवावेत. क्लिपवर ठेवू नयेत. क्लिप आणि पिन यांच्यामधला सांधाही आपल्याला मोजायचा आहे. डिस्प्लेवरचा आकडा आणि हे वाचन यांत फरक पडला, तर तो कुठे पडतो हे शोधायची सोपी रीत आहे. एक प्रोब सप्लायच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरा सर्किटच्या पॉझिटिव्ह बिंदूवर ठेवला की त्या एका वायरमध्ये किती व्होल्ट खर्च होतात ते थेट दिसते. निगेटिव्ह बाजूलाही असेच मोजावे, कारण ती बाजू अनेक जण तपासतच नाहीत.

चांगल्या तांब्याच्या ०.५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०३४ ओहम असतो. जाण्यायेण्याच्या एकेक मीटर वायरचा मिळून ०.०७ ओहम धरला, तर २ अँपिअरला ०.१४ व्होल्ट पडतात, आणि ५ व्होल्टच्या बहुतेक सर्किटना ते सहज चालते. मात्र स्वस्त सप्लायसोबत येणारी क्रोकोडाइल क्लिपची जोडी अनेकदा अशी नसते. जाड प्लास्टिकच्या आत मोजक्याच बारीक तारा असतात, त्या तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या असू शकतात, आणि क्लिपच्या आत त्या सोल्डर न करता नुसत्या दाबलेल्या असतात. अशा जोडीचा रोध अर्ध्या ओहमपर्यंत गेला तर २ अँपिअरला पूर्ण १ व्होल्ट वायरमध्येच संपतो. डिस्प्लेवर ५ दिसत असताना सर्किटला ४ मिळतात, ३.३ व्होल्टच्या पिनला थेट वीज दिली असेल तर २.३ उरतात, आणि तिथे रेडिओ असलेला कोणताही मायक्रोकंट्रोलर तग धरणार नाही. वायरीला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे लगेच कळते. वायर वा क्लिप हाताला कोमट लागणे, हीदेखील पुरेशी खूण आहे.

उपाय सरळ आहे. १ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्यावी, तिच्या एका टोकाला बनाना प्लग आणि दुसऱ्या टोकाला स्क्रू टर्मिनल किंवा सोल्डर केलेला कनेक्टर लावावा, लांबी गरजेपुरतीच ठेवावी आणि दोन्ही वायर एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात. मोटर आणि एलईडी पट्ट्यांचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊ नये. ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगचे संपर्क सर्वसाधारणपणे १ अँपिअरच्या आतल्या कामासाठीच धरावेत, शिवाय काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेची पॉवर पट्टी मध्यावर तुटलेली असते आणि ती बारीक जम्परने जोडलेली असते. सप्लायच्या पुढच्या टर्मिनलची नट सैल झाली असेल, तर वरून सारे ठीक दिसूनही तिथेच व्होल्टेज पडते; ती आवळण्याआधी सप्लायचा मुख्य प्लग काढावा.

वायरमधली घट भरून काढण्यासाठी सप्लायचेच व्होल्टेज वाढवून ठेवण्याची सवय अनेकांना असते. हा मार्ग मी ठामपणे नाकारतो. करंट जास्त असताना घट होते, पण मोटर थांबली किंवा रेडिओ शांत झाला की घट नाहीशी होते आणि वाढवलेले सगळे व्होल्टेज चिपवर येते. ईएसपी-३२ ची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे; अर्ध्या व्होल्टची घट भरण्यासाठी ३.८ ठेवले, तर सर्किट शांत असते त्याच वेळी चिप मर्यादेबाहेर जाते. महाग सप्लायमध्ये यासाठी वेगळ्या सेन्स वायर असतात, ज्या सर्किटपाशी व्होल्टेज मोजून सप्लायला कळवतात. कमी खर्चाच्या सप्लायमध्ये ती सोय नसल्याने जाड आणि आखूड वायर हाच पर्याय उरतो.

करंट लिमिट आणि सरासरीचा भास

वायर ठीक असूनही रीसेट थांबले नाहीत, तर सप्लायवरच्या सीसी (स्थिर करंट) दिव्याकडे पाहावे. सप्लाय दोन स्थितींत काम करतो. सीव्ही (स्थिर व्होल्टेज) स्थितीत तो व्होल्टेज स्थिर ठेवतो. करंट ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की तो सीसी स्थितीत जातो, करंट तिथेच रोखतो आणि त्यासाठी व्होल्टेज खाली आणतो. म्हणजे मर्यादा गाठल्यावर व्होल्टेज पडणे हा बिघाड नाही, सप्लायला दिलेल्या आज्ञेचे पालन आहे. अडचण अशी की हे पालन एखाद्या मिलिसेकंदापुरते झाले तर सीसी दिवा डोळ्यांना दिसेल इतका पेटत नाही.

जीएसएम मॉड्यूल, म्हणजे सर्किटला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग, हे याचे फार चांगले उदाहरण आहे, आणि सिम-८०० मालिकेतल्या मॉड्यूलबद्दल येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात. जीएसएम फोन ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चक्रात आठपैकी एका कप्प्यात, म्हणजे सुमारे ०.५७७ मिलिसेकंद, प्रक्षेपण करतो आणि तेवढ्या वेळात मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. आठात एक म्हटल्यावर प्रक्षेपणाची सरासरी ०.२५ अँपिअर होते आणि डिस्प्लेवर साधारण तेवढाच आकडा दिसतो. तो पाहून वापरणारा "दुप्पट तर ठेवले आहे" या विश्वासाने मर्यादा ०.५ अँपिअरवर ठेवतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रक्षेपणाला सप्लाय मर्यादेत अडकतो, व्होल्टेज कोसळते आणि मॉड्यूल नेटवर्क मिळण्याच्या ऐन क्षणी बंद पडते. वायफाय मॉड्यूल, रिले, छपाईचे छोटे थर्मल प्रिंटर, सर्व्हो मोटर यांच्यातही हेच घडते, फक्त आकडे बदलतात. मोटरच्या बाबतीत तर सुरू होण्याच्या क्षणी गुंडाळीचा रोधच काय तो करंट अडवत असतो, १.५ ओहमच्या गुंडाळीला ६ व्होल्ट दिले की ४ अँपिअर वाहतात, मग ती मोटर फिरताना अर्धा अँपिअरच का घेईना.

म्हणून मर्यादा दोन टप्प्यांत ठेवावी. नवे सर्किट प्रथम चालू करताना ती अपेक्षेच्या किंचितच वर असावी, म्हणजे उलटा बसवलेला कपॅसिटर किंवा सोल्डरचा पूल असेल तर नुकसान मर्यादित राहते. सर्किट सुरक्षित आहे अशी खात्री पटल्यावर मात्र मर्यादा शिखर करंटच्या वर न्यावी. बऱ्याच साध्या सप्लायवर मर्यादेचा आकडा आधी दिसत नाही. तिथे व्होल्टेज अगदी कमी करून आउटपुटची दोन्ही टर्मिनल वायरने जोडावीत आणि करंटचा नॉब फिरवून हवा तो आकडा आणावा. बेंच सप्लायसाठी ही कृती नेहमीची आहे. करंट लिमिट नसलेल्या अडॅप्टरवर ती कधीही करू नये.

शिखर करंटची गरज सप्लायने एकट्याने भागवावी असाही आग्रह नको, कारण वायर जितकी लांब तितका अचानक वाढणारा करंट तिच्यातून उशिरा पोहोचतो. लोडच्या अगदी जवळ कपॅसिटर बसवणे हा इथला खरा उपाय आहे आणि त्याचा हिशेब सोपा आहे: व्होल्टेजमधली घट म्हणजे कपॅसिटरला पुरवावा लागणारा करंट गुणिले वेळ, भागिले कपॅसिटन्स. वरच्या मॉड्यूलला सप्लायने १ अँपिअर दिले आणि उरलेला १ अँपिअर कपॅसिटरने ०.५७७ मिलिसेकंद पुरवायचा असेल, तर १००० मायक्रोफॅरडला घट ०.५८ व्होल्ट येते. ४ व्होल्टवर चालणारे मॉड्यूल त्यामुळे ३.४ वर, म्हणजे नेमके त्याच्या खालच्या मर्यादेवर येऊन टेकते. २२०० मायक्रोफॅरडला हीच घट ०.२६ व्होल्ट राहते आणि सर्किट निर्धास्त चालते. कपॅसिटर कमी अंतर्गत रोधाचा, म्हणजे लो ईएसआर, असावा आणि त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक असावा.

करंट लिमिटवर जास्त भरवसा ठेवल्याने होणारे नुकसानही इथेच सांगायला हवे. मर्यादा २० मिलिअँपिअरवर ठेवली, व्होल्टेज १२ वर राहू दिले आणि चालू आउटपुटला एलईडी जोडला, तर तो जळू शकतो. सप्लायच्या आउटपुटवर आतून मोठा कपॅसिटर असतो; तो आधीच १२ व्होल्टला भरलेला असतो आणि मर्यादा घालणारा भाग त्याच्या मागे असतो. त्या कपॅसिटरमधली ऊर्जा एलईडीतून जाण्यापासून कोणी रोखत नाही. आउटपुट बंद असताना जोडणी करून मग ते चालू करावे, किंवा व्होल्टेज शून्याजवळून हळूहळू वाढवावे.

मोटर आणि मायक्रोकंट्रोलर एकाच जोडीवर

मोटर सुरू होताना नव्हे, तर थांबताना किंवा दिशा बदलताना रीसेट होत असेल, तर कारण वेगळे असते. फिरती मोटर ब्रेक लावल्यावर जनित्रासारखी वागते आणि करंट सप्लायकडे परत ढकलते. साधा बेंच सप्लाय करंट देऊ शकतो, आत घेऊ शकत नाही. त्यामुळे आउटपुटचे व्होल्टेज वर चढते आणि काही वेळा सप्लायचे संरक्षण आउटपुटच तोडते. मोटरच्या वाटेत मोठा कपॅसिटर ठेवणे, मायक्रोकंट्रोलरला वेगळा रेग्युलेटर देणे आणि दोन्हींच्या ग्राउंड वायर सप्लायच्या टर्मिनलपर्यंत स्वतंत्र नेणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. बॅटरी चार्ज करताना याच कारणाने मालिकेत डायोड असावा, नाहीतर सप्लाय बंद केल्यावर बॅटरी त्याच्याच आतल्या सर्किटमध्ये उलटा करंट सोडते.

रीसेट होत नाही, पण सेन्सरचे वाचन नाचते किंवा अँप्लिफायरमध्ये शीळ ऐकू येते, अशी तक्रार असेल तर रिपलचा, म्हणजे सप्लायच्या व्होल्टेजवरच्या वेगवान चढउताराचा, संशय घ्यावा. बॅटरीवर तीच जोडणी शांत होते का, हे पाहणे हीच यातली सर्वांत विश्वासार्ह चाचणी आहे. मल्टीमीटरच्या एसी रेंजवर निर्धास्त राहू नये, कारण स्विचिंग सप्लायचा (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज ठरवणाऱ्या सप्लायचा) रिपल दहा हजारांपासून लाखो हर्ट्‌झपर्यंत असतो आणि साधे मीटर तिथपर्यंत पोहोचत नाही. उपाय म्हणून सप्लाय ३ व्होल्ट जास्त ठेवून सर्किटजवळ एलएम ३१७ सारखा लिनिअर रेग्युलेटर लावतात; पण तो वरच्या वारंवारतेचा रिपल फारसा अडवत नाही, तेव्हा त्याच्या आधी छोटा इंडक्टर आणि कपॅसिटर हवाच.

सप्लायच दोषी आहे का

एवढे सगळे झाल्यावरच सप्लायकडे वळावे. १० ओहम, ५० वॉटचा अ‍ॅल्युमिनियमच्या खोळीतला रेझिस्टर हीटसिंकवर बसवून आउटपुटला जोडावा आणि १२ व्होल्ट द्यावेत, १.२ अँपिअर वाहतील आणि १४.४ वॉट उष्णता निघेल. अर्ध्या तासात टर्मिनलवरचे व्होल्टेज मल्टीमीटरवर स्थिर राहिले तर सप्लाय या करंटला निर्दोष आहे. गाडीचा फिलॅमेंटचा दिवाही चालतो, मात्र थंड फिलॅमेंटचा रोध तापलेल्याच्या सुमारे दहावा भाग असतो, त्यामुळे सुरुवातीला सप्लाय क्षणभर मर्यादेत जाईल. त्याला दोष समजू नये. नॉबवर हलके टिचकी मारल्यावर आकडा उडी घेत असेल, तर पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रोधाचा, सरकता संपर्क झिजला आहे. स्वस्त सप्लायमधला हा सर्वांत जास्त आढळणारा खरा दोष आहे आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही, कारण संपर्क सुटल्यावर काही रचनांमध्ये आउटपुट थेट कमाल व्होल्टेजला जाते. दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर लावला की दोषही जातो आणि व्होल्टेज ठेवणेही सोपे होते. पण स्विचिंग सप्लाय उघडताना त्याच्या प्राथमिक (मुख्य विजेच्या) बाजूचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असू शकतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तसाच राहतो. त्या बाजूचा अनुभव नसेल तर पेटी उघडू नये.

नवीन घ्यायचाच असेल तर

वरील सगळ्या तपासणीत १० अँपिअरची गरज कुठेच पडली नाही, हे ध्यानात घ्यावे. हौशी काम बहुतांश ३.३ ते १२ व्होल्ट आणि २ अँपिअरच्या आत चालते. त्यामुळे पुढच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्यांपेक्षा करंट किती बारकाईने दिसतो आणि ठेवता येतो, याला मी अधिक महत्त्व देतो. तीन अंकी डिस्प्ले १० मिलिअँपिअरच्या पायरीने करंट दाखवतो; झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरचा किंवा एका एलईडीचा करंट त्यावर शून्य किंवा एक पायरी एवढाच दिसतो. चार अंकी डिस्प्ले १ मिलिअँपिअर दाखवतो आणि दोष शोधताना हा फरक फार मोठा ठरतो. दुसरी अनिवार्य गोष्ट म्हणजे आउटपुट वेगळे चालू-बंद करण्याचे बटण, जे दाबण्याआधी व्होल्टेज आणि मर्यादा दोन्ही ठरवून पाहता येतात. हे दोन गुण असलेला ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय हे गुण नसलेल्या १० अँपिअरच्या सप्लायपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

लिनिअर की स्विचिंग, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. लिनिअर सप्लाय जड असतो, कारण आत मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि तो उरलेले सगळे व्होल्टेज उष्णतेत घालवतो. आत २० व्होल्ट असताना ५ व्होल्ट, ३ अँपिअर घेतले की ४५ वॉट नुसते तापण्यात जातात. व्होल्टेज वाढवताना येणारा टक्‌ असा आवाज हीच उष्णता कमी करण्यासाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलणाऱ्या रिलेचा असतो. त्या बदल्यात रिपल काही मिलिव्होल्टच राहतो, म्हणून ऑडिओ, सेन्सर आणि रेडिओच्या कामाला मी लिनिअरच सुचवीन. मोटर, एलईडी पट्ट्या आणि डिजिटल सर्किट यांना हलका स्विचिंग सप्लाय पुरेसा होतो.

याहून कमी खर्चात १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप अडॅप्टर आणि व्होल्टेज-करंट दोन्ही ठेवता येणारे एक्सएल ४०१५ चे मॉड्यूल, ही जोडी शिकण्यासाठी चांगली आहे. हे मॉड्यूल व्होल्टेज फक्त कमी करते, म्हणजे १९ देऊन २४ मिळणार नाहीत, आणि ५ अँपिअर हा त्याच्या चिपचा कमाल आकडा आहे, विनाहीटसिंक सतत घेण्याचा नाही. दोन पिनांच्या अडॅप्टरचे आउटपुट जमिनीच्या संदर्भात तरंगते राहते. आतल्या छोट्या कपॅसिटरमुळे त्यावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मे व्होल्टेज अत्यल्प करंटसह येते. बोटांना मुंग्या येतात त्या यामुळे. अर्थ केलेला ऑसिलोस्कोप किंवा संगणक जोडताना म्हणूनच आधी ग्राउंड जोडावे, सिग्नल नंतर. संगणकातला एटीएक्स सप्लाय मात्र एकटा वापरू नये असे मला वाटते: त्याच्या ५ व्होल्टच्या वाटेवर २० अँपिअर सहज उपलब्ध असतात आणि आपल्याला हवी ती करंट लिमिट मुळीच नसते, त्यामुळे ब्रेडबोर्डवरच्या एका चुकीच्या वायरीला लाल होऊन वितळण्याची पुरेशी सोय होते. वापरायचाच तर प्रत्येक वाटेवर योग्य फ्यूज घालावा.

सप्लाय हाती आल्यावर प्लग लावण्याआधी मागच्या बाजूचा ११५-२३० व्होल्टचा स्विच योग्य जागी आहे ना, हे पाहावे, आणि मल्टीमीटरने प्लगची अर्थ पिन व धातूची पेटी यांच्यामध्ये जवळपास शून्य ओहम मिळतात का, हे तपासावे. मिळत नसतील तर तो सप्लाय परत करावा. त्यानंतर चालू-बंद करताना आउटपुट क्षणभर उसळी घेते का, ही परीक्षा करावी. ऑसिलोस्कोप नसेल तर १एन ४१४८ डायोडमधून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरू द्यावा आणि त्यावर मल्टीमीटर लावावे. ५ व्होल्ट ठेवून मुख्य स्विच अनेकदा चालू-बंद करावा, प्रत्येक खेपेला आधी कपॅसिटर रिकामा करावा, आणि वाचन डायोडच्या घटीमुळे ५ च्या थोडे खालीच येते ना, ते पाहावे. एकदाही ते ५ च्या वर गेले, तर त्या सप्लायवर सर्किट जोडलेले असताना मुख्य स्विच कधीही वापरू नये. आउटपुटचे बटण तेवढे वापरावे, आणि तेही नसेल तर आधी बनाना प्लग काढावा.